जाहिरातीतील गीत आणि गीतातील ‘मी’ : काही जपानी उदाहरणांचा विचार

१

उपयुक्ततेच्या हेतूने घडविलेल्या कृतीस कलाकृती म्हणता येईल काय, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे मर्ढेकरांनी सौंदर्याची स्वायत्तता प्रतिपादिली. उलटपक्षी, शाहिराचा पोवाडा आश्रयदात्याच्या बिदागीवर पोसला गेला, म्हणून त्याचे काव्यत्व आपण नाकारीत नाही. या दोन भूमिकांमधील ताण तपासून पाहण्यास जपानमधील दूरचित्रवाणी-जाहिरातींसाठी स्त्री-गायिकांनी गायिलेली लोकप्रिय गीते विशेष सोयीची आहेत. येथे हेतू लपविलेला नाही. गीत विक्रीसाठी मागविले गेले, हे ऐकणाऱ्यासही ठाऊक असते. असे असूनही त्यांतील काही गीते जाहिरात थांबून कित्येक दशके लोटल्यावर आजही आवडीने ऐकली जातात. त्यांत शिल्लक राहिलेले ते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

जपानमध्ये व्यापारी नभोवाणी १९५१ साली आणि व्यापारी दूरचित्रवाणी १९५३ साली सुरू झाली. पहिले जाहिरात-गीत म्हणून ज्याचा निर्देश केला जातो, ते मिकी तोरिरो यांनी रचलेले आणि हैदा कात्सुहिको या गायकाने गायिलेले हौशी छायाचित्रकाराचे गीत १९५१ सालचेच. त्यात कंपनीचे किंवा मालाचे नाव येत नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढे मालाचे नाव घोकणारी चुटके-गीते विपुल झाली. परंतु १९७० नंतरच्या दशकात नाव न घेता सूचित करण्याची पद्धत पुन्हा बळावली. याचे एक कारण व्यावहारिक होते. एन. एच. के. या सार्वजनिक प्रसारण-संस्थेवर जाहिरातीस मज्जाव असल्याने, मालाचे नाव धारण करणाऱ्या गीताला तेथे अडचण येई. नाव गाळले की तेच गीत ध्वनिमुद्रिकेवर, नभोवाणीवर व रंगमंचावर निर्वेधपणे फिरू शके. ध्वनिकारांनी काव्याचा आत्मा मानलेली व्यंजना येथे व्यवहाराच्या गरजेतून अवतरली. परंतु तिचा उगम व्यवहारात आहे एवढ्यावरून तिचे मोल ठरत नाही.

३

या पद्धतीचे ठळक रूप सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत दिसते. शिसेइदो आणि कानेबो या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या प्रत्येक ऋतूसाठी नवे गीत पुढे आणीत : वसंतात ओठांचा रंग, उन्हाळ्यात उन्हाने तापलेली कांती. हायकूमध्ये ऋतुवाचक शब्द अपरिहार्य मानणाऱ्या संस्कृतीत व्यापाऱ्यांनी ऋतुचक्राचा आश्रय घ्यावा, हे स्वाभाविकच होते.

१९७७ च्या वसंतात शिसेइदोसाठी आलेले ‘माय प्युअर लेडी’ हे गीत ओझाकी आमी हिने स्वतःच लिहिले, स्वरबद्ध केले आणि गायिले. मन हलले आहे, पण प्रेम अद्याप झालेले नाही, असा एक निमिष तिने पकडला आहे. प्रसाधनाची जाहिरात ‘तू सुंदर होशील’ असे सांगू पाहते. गीतातील स्त्री मात्र आपल्याच मनातील हालचाल न्याहाळीत आहे. पाहिली जाणारी स्त्री पाहणारी झाली, हा येथील विरोध. १९८० च्या वसंतात दोन्ही कंपन्यांची गीते समोरासमोर आली. कानेबोसाठीचे गीत वातानाबे माचिको हिने स्वतः स्वरबद्ध करून गायिले. शिसेइदोसाठी ताकेउची मारिया हिने गायिलेल्या ‘फुशिगि ना पीच पाय’चे शब्द यासुइ काझुमी या कवयित्रीचे, तर संगीत कातो काझुहिको यांचे होते.

४

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेले मात्सुदा सेइको हिचे पहिले गीत ‘हादाशि नो किसेत्सु’ हे मात्र उलट बाजूचे उदाहरण आहे. माल होता ‘एकुबो’ नावाचे चेहरा धुण्याचे प्रसाधन, आणि ‘एकुबो’ म्हणजे गालावरची खळी. सेइकोच्या गालावर खळी उमटत नसल्याने पडद्यावर दुसरी तरुणी आली. सेइकोचा केवळ स्वर राहिला. गीतात हा शब्द आलेला आहे. तो शब्द एकाच वेळी मालाचे नाव आणि मुग्धतेचे चिन्ह असल्याने श्लेष साधतो खरा. परंतु हा श्लेष अर्थाला खोली देत नाही, तो केवळ हेतू झाकतो. स्वराचा ताजेपणा मान्य करूनही या रचनेस साधनरूपच म्हणावे लागते.

तीन वर्षांनी याच गायिकेच्या बाबतीत स्वराचे हे एकाकीपण वेगळ्या रीतीने फलद्रूप झाले. १९८३ साली सुंतोरी कंपनीच्या बिअरच्या जाहिरातीत पेंग्विन पक्ष्यांचे व्यंगचित्रपट दाखविण्यात आले आणि त्यांमागे ‘स्वीट मेमरीज’ या गीताचा इंग्रजी भाग ऐकविला गेला. गायिकेचे नाव प्रारंभी दाखविले नव्हते. हा आवाज कोणाचा, अशी पृच्छा सुरू झाली. ऑगस्टमध्ये निघालेल्या ‘गारासु नो रिंगो’ या ध्वनिमुद्रिकेच्या मागल्या बाजूस असलेले हे गीत त्यामुळे दर्शनी स्थानी आले. मात्सुमोतो ताकाशी यांचे शब्द आणि ओमुरा मासाआकी यांचे संगीत. आशय असा की, जुना प्रियकर पुन्हा भेटतो आणि दुःख आता मधुर झाल्याची जाणीव होते. जाहिरातीच्या तुकड्यात हे दुःख पक्ष्याच्या हास्यकारक आकृतीशी जोडले गेले होते. पूर्ण गीतात ते प्रौढ स्त्रीचे स्वगत होते. हास्य आणि करुण यांच्या या विरोधलयीतून समतोल निष्पन्न होतो, आणि त्यात बिअरचा वाटा नाममात्रच उरतो.

५

यावरून दोन निकष सुचवावेसे वाटतात. जाहिरात बहुधा पंधरा सेकंदांची. तिला गीताचा ‘साबी’ म्हणजे उत्कर्षाचा भाग तेवढा हवा असतो. उरलेल्या गीतात त्या तुकड्यापेक्षा अधिक काही घडते काय, हा पहिला निकष. गीतातील ‘मी’ ग्राहकाला उद्देशून बोलते की स्वतःशी, हा दुसरा. १९९३ सालचे झार्ड या वाद्यवृंदाचे ‘युरेरु ओमोइ’ पोकारी स्वेट या पेयाच्या जाहिरातीत वापरले गेले. त्याचे शब्द गायिका साकाइ इझुमी हिनेच लिहिलेले होते, आणि दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत ती क्वचितच दिसे. पेयाच्या शीतलतेशी गीताचा उन्हाळा जुळतो. तथापि शीर्षकातच सूचित झालेली मनाची अस्थिरता कोणतेही पेय शमवीत नाही. दोन्ही निकषांवर हे गीत उतरते.

यावर असा आक्षेप संभवतो की, स्त्रीच्या आत्मनिवेदनाचाच येथे बाजार मांडला जातो आणि तिची अंतर्मुखता हाच खरा माल ठरतो. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. किंबहुना प्रसाधनाच्या गीतांपैकी पुष्कळांना तो लागू पडतो. परंतु तो सरसकट मान्य केल्यास ओझाकी आमी किंवा साकाइ इझुमी यांच्यासारख्या स्वतः लिहिणाऱ्या स्त्रियांचे कर्तृत्व आपण मागणी करणाऱ्या कंपनीच्या नावे जमा करू. बिदागी कोणी दिली याची नोंद इतिहासकाराने अवश्य घ्यावी. समीक्षकाने मात्र संपूर्ण गीत ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये.