न दिसणाऱ्या शत्रूचे गणित : ‘ग्रेहाउंड’

केमहून समुद्र दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आमच्या वर्गातील बहुतेक मुलांनी तो पाहिलेला नाही. त्यामुळे अटलांटिक महासागरातील युद्धावरचा ‘ग्रेहाउंड’ हा चित्रपट अकरावीच्या मुलांना दाखवावा की नाही, याबद्दल मी साशंक होतो. भाषा इंग्रजी, त्यात निम्मे संवाद म्हणजे नुसते हुकूम आणि आकडे. पण दाखवला. वीसेक मिनिटांनी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, पाणबुडी तर दिसतच नाही. मग बाँब कुठं टाकायचा ते कसं ठरवतात?” या चित्रपटाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते बहुतेक या प्रश्नाभोवतीच फिरते.

चित्रपट २०२० सालचा. दिग्दर्शक आरॉन श्नायडर. पटकथा टॉम हँक्सची आणि मुख्य भूमिकाही त्याचीच. आधार सी. एस. फॉरेस्टर यांच्या ‘द गुड शेफर्ड’ या १९५५ मधील कादंबरीचा. काळ फेब्रुवारी १९४२. अमेरिकेकडून ब्रिटनला निघालेल्या ३७ जहाजांच्या ताफ्याची राखण चार युद्धनौकांकडे आहे आणि त्यांचे नेतृत्व कमांडर क्राउझकडे. अशी कामगिरी तो पहिल्यांदाच करतो आहे. ‘ग्रेहाउंड’ हे त्याच्या विनाशिकेचे रेडिओवरचे सांकेतिक नाव. दोन्ही किनाऱ्यांवरून उडणारी विमाने जिथे पोहोचू शकत नाहीत, त्या मधल्या पट्ट्यात जर्मन पाणबुड्या टपून आहेत. कथा एवढीच. प्रेमप्रकरण जवळजवळ नाही, फ्लॅशबॅक एकच आणि लहानसा. आपल्या प्रेक्षकाला हे रूक्ष वाटेल, पण मला तेच आवडले.

क्राउझला जे कळते ते सगळे दुसऱ्यांच्या तोंडून कळते. सोनारवरचा खलाशी खाली ऐकतो, तो आकडे सांगतो, मधला एक पोरगेला नौसैनिक ते मोठ्याने पुन्हा उच्चारतो, आणि मग क्राउझ हुकूम देतो. तो हुकूमही तसाच परत जातो. (‘सोनार’ या शब्दावर वर्गात हशा झालाच. होऊ द्यावा.) म्हणजे जहाजाच्या प्रमुखाच्या हाती पडते ती माहिती काही सेकंदांपूर्वीची, आणि थोडीफार चुकीची. तिच्यावर शेकडो माणसांचे जीव टांगलेले. प्रयोगशाळेत ‘मापनातील त्रुटी’ हा धडा शिकवताना मुले जांभया देतात. इथे त्या त्रुटीवर माणसे मरतात, आणि वर्ग जागा राहतो.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही फळ्यावर काढले. कोरड्या विहिरीत दगड टाकून आवाजावरून खोली ओळखणे आमच्या मुलांना ठाऊक आहे. सोनारची जात तीच. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. जहाजाने सोडलेला ध्वनी पाणबुडीवर आपटून दोन सेकंदांनी परत आला, तर जाऊन-येऊन अंतर ३००० मीटर, म्हणजे पाणबुडी १५०० मीटरवर. इथपर्यंत सोपे. पण ध्वनीचा झोत पुढे, जवळजवळ आडवा जातो. जहाज अगदी जवळ आले की खोलवरची पाणबुडी त्या झोताखालून निसटते. समजा, शेवटचे २०० मीटर जहाज बहिरे झाले. स्फोटकांची पिंपे टाकायची ती जहाजाच्या मागच्या टोकावरून, म्हणजे आणखी सुमारे १०० मीटर धरावे लागतात. १५ नॉट म्हणजे सेकंदाला पावणेआठ मीटर वेगाने हे अंतर कापायला ३९ सेकंद. पिंप सेकंदाला तीन मीटर बुडते असे धरले, तर ६० मीटर खोल जायला आणखी २० सेकंद. एकूण जवळजवळ एक मिनिट. तेवढ्यात सहा नॉट वेगाची पाणबुडी १८० मीटर सरकलेली असते. आणि पिंपाचा स्फोट तिचे कवच फोडू शकतो तो दहा मीटरांच्या आत झाला तरच! म्हणून पिंपे एक-एक न टाकता पसरून टाकतात, मागे आणि दोन्ही बाजूंना. त्यांचा सुरुंग उडतो तो पाण्याच्या दाबाने. दर दहा मीटरला एक वातावरण, हे दहावीतच शिकवलेले असते.

हे आकडे डोक्यात असले की चित्रपटातील बराचसा गोंधळ उलगडतो. क्राउझ पाणबुडी आत्ता आहे तिथे जातच नाही, ती एक मिनिटाने असेल तिथे जातो. आणि समोर बसलेला पाणबुडीचा कप्तानही हेच गणित उलट्या बाजूने मांडत असतो. एके ठिकाणी पाणबुडी फसवा प्रतिध्वनी देणारा डबा सोडते. खऱ्या युद्धात अशा डब्यात कॅल्शियम हायड्राइड असे. पाणी लागताच हायड्रोजनचे बुडबुडे निघत आणि सोनारला ते पाणबुडीसारखे भासत. फसवा प्रतिध्वनी ओळखण्याचा एक मार्ग म्हणजे डॉप्लर परिणाम. केम स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी जवळ येताना चढी आणि पुढे गेल्यावर उतरलेली लागते, तसाच हलणाऱ्या पाणबुडीचा प्रतिध्वनी चढा किंवा उतरता येतो. बुडबुडे जागच्या जागी असतात, त्यांचा सूर बदलत नाही. हे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी दोन मुली फलाटावर जाऊन ऐकून आल्या.

आता चित्रपट कुठे घसरतो ते. क्राउझची नौका ‘फ्लेचर’ वर्गाची दाखवली आहे (चित्रण लुइझियानातील ‘किड’ या संग्रहालय-नौकेवर झाले), पण या वर्गातील पहिल्या नौका सेवेत आल्या त्या जून १९४२ मध्ये. ही चूक क्षम्य म्हणता येईल. मला खटकते ती दुसरी. जर्मन पाणबुडीचा कोणी अधिकारी रेडिओवर येऊन ‘करडा लांडगा’ म्हणून क्राउझला धमकावतो, लांडग्यासारखा ओरडतोसुद्धा! प्रेक्षकाच्या अंगावर काटा यावा म्हणून केलेला हा उद्योग चित्रपटाच्याच मुळावर येतो. पाणबुडीचे खरे चिलखत म्हणजे तिचे मौन. तिने रेडिओवर संदेश पाठवला की त्या लहरींची दिशा मोजणारी यंत्रे तिच्याकडे बोट दाखवतात, आणि अशी यंत्रे याच चित्रपटात आधी दाखवली आहेत.

आपल्याकडचा ‘द गाझी अटॅक’ (२०१७) या बाबतीत आणखी पुढे गेला. संकल्प रेड्डी यांच्या या चित्रपटात सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर घडलेले अतुल कुलकर्णी फार संयमाने काम करतात, पाणबुडीच्या आतली कोंडी चांगली उभी राहते. आणि मग शत्रूला डिवचण्यासाठी खलाशी गाऊ लागतात. पाण्याखाली आवाज हाच शत्रूचा डोळा. टाळ्या मिळतात, विज्ञान बुडते.

या दोन्ही चित्रपटांना जी गोष्ट सांगायला हवी होती ती मुंबईहून निघालेल्या एका नौकेची आहे. डिसेंबर १९७१. दीवच्या नैर्ऋत्येला पाणबुडी असल्याचे रेडिओच्या दिशाशोधक यंत्रांनी टिपले आणि ‘खुकरी’ व ‘किरपाण’ तिच्या शोधात गेल्या. त्या ताफ्याची राखण करीत नव्हत्या, पण क्राउझपुढचा प्रश्नच त्यांच्याही पुढे होता. पाकिस्तानची ‘हँगोर’ ही फ्रेंच बनावटीची पाणबुडी त्यांचा आवाज त्यांच्या सोनारच्या पल्ल्याबाहेरून ऐकू शकत होती. ‘खुकरी’वर सोनारचा पल्ला वाढवण्यासाठीच्या एका सुधारणेची चाचणी चालू होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवला होता. जोरात जावे तर स्वतःच्या पंख्यांच्या आवाजात दुसरे काही ऐकू येत नाही, हळू जावे तर टॉर्पेडोला नेम धरायला सोपे. नौकेवरची ‘लिंबो’ ही बाँबफेकी तोफ पाणबुडीवरून जाण्याआधीच, म्हणजे बहिरे होण्याआधीच, मारा करू शकत होती. फळ्यावरच्या त्या एका मिनिटावर काढलेला उपाय होता तो, पण त्याचा पल्ला एक किलोमीटरच्या आत. ९ डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

कॅप्टन मुल्लांचे बलिदान आपण २६ जानेवारीच्या भाषणात सांगतो, आणि सांगायलाच हवे. पण वेगाचा आणि आवाजाचा तो पेच कोणी सांगत नाही, आणि मुलांचा समज होतो की युद्धात कमी पडते ते धैर्यच. ‘खुकरी’वर धैर्य कमी नव्हते.

‘ग्रेहाउंड’वर आणखी एक आक्षेप. ३७ जहाजे, पण त्यांच्यावरची माणसे जवळजवळ दिसत नाहीत. लांबवर पेटणारे आकार तेवढे दिसतात. त्या युद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदी खलाशी फार मोठ्या संख्येने होते. लास्कर म्हणत त्यांना. त्यांत कोकणातले होते, गोव्याचे होते. बॉयलरपाशी कोळसा ओढणाऱ्या माणसाला टॉर्पेडो लागल्यावर वर यायला किती वेळ मिळत असेल, हेही एक गणितच आहे. कोणीतरी ते चित्रपटात मांडायला हवे.

मात्र एक प्रसंग विसरता येत नाही. क्राउझसाठी जेवणाचे ताट घेऊन सारखा वर येणारा, त्याने न खाल्लेले परत नेणारा सेवक हल्ल्यात मरतो. मृतदेह समुद्रात सोडले जातात आणि लगेच पुढची सूचना येते. इथे संगीत मोठे होत नाही, कोणी भाषण करीत नाही.

चित्रपट दीड तासाचा आहे. लागोपाठचे तीन तास मागून घ्यावेत. इंग्रजी संवादांच्या ओळी पडद्यावर चालू ठेवाव्यात, मुले ऐकण्यापेक्षा वाचून लवकर समजतात. आणि फळ्यावरचे गणित पहिल्या हल्ल्याच्या आधी थांबवून करून घ्यावे. एकदा पाठलाग सुरू झाला की मुले थांबू देत नाहीत.