नियमशास्त्र, कृपा आणि ‘स्मृतिचित्रे’तील सत्यकथन

मराठी गद्यात चूक सांगण्याची एक जुनी रीत आहे: ती कोणाच्या पदरी पडते याचा निवाडा करण्याची. पानिपतजवळ काला अंब येथे १४ जानेवारी १७६१ च्या ज्या पराभवाचे स्मारक उभे आहे, त्याविषयी लिहिताना बखरकार याच रीतीने जातात. नजीबखानाला कोणी पाठीशी घातले, रणातून आधी कोण निघाले, असे प्रश्न ‘भाऊसाहेबांची बखर’ वाचताना सारखे समोर येतात. बखरकार खोटे सांगतो असे नव्हे. परंतु त्याचे खरे बोलणे न्यायसभेसमोरचे असते. ज्याच्यावर निवाडा व्हायचा आहे तो माणूस स्वतःविषयी कितपत खरे बोलू शकेल, हा प्रश्न त्या गद्याला पडत नाही.

मराठी ख्रिस्ती आत्मकथनाला तो पडतो. मराठी बायबलच्या परिभाषेत सांगायचे तर तो ‘नियमशास्त्र’ आणि ‘कृपा’ यांमधील प्रश्न आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल असे मांडतो की, नियमशास्त्राने पापाची ओळख पटते, सुटका होत नाही. यातून निघणारा वाङ्मयीन निष्कर्ष महत्त्वाचा आहे: शिक्षेच्या भयाने खरे बोलणारा लपवण्याची वाटही शोधत असतो, तर आधीच स्वीकारल्या गेलेल्याला लपवण्याचे कारण उरत नाही.

प्रत्यक्षात मात्र आरंभीच्या धर्मांतरितांना हे स्वातंत्र्य फारसे नव्हते. १८३९ साली मुंबईत पारशी तरुणांच्या धर्मांतराचे प्रकरण खरोखरीच न्यायालयात गेले होते. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र याच वातावरणाचे अपत्य आहे. त्यातील प्रामाणिकपणा शंकातीत असला, तरी त्याची घडण ‘साक्षी’ची आहे, आणि साक्ष हा शब्द मुळात कचेरीतला. एकीकडे जात, दुसरीकडे मिशन. दोघांसमोर आपली बाजू शाबीत करायची.

पंडिता रमाबाई एक पाऊल पुढे गेल्या. १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९०७ च्या आपल्या इंग्रजी साक्षीत मात्र त्यांनी लिहिले की, ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त पुढे अनेक वर्षांनी सापडला. केडगावची मुक्ती संस्था देणग्यांवर चालत असताना आपले गाजलेले धर्मांतर अपुरे होते असे छापून सांगणे, हे हिशेबी माणसाचे काम नव्हे.

तथापि या प्रश्नाचे खरे वाङ्मयीन उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (पहिला भाग १९३४) मिळते, आणि तेही धर्मशास्त्राचा उच्चार जवळजवळ न करता. ग्रंथाचा आरंभच सोवळ्याने होतो. १८५७ च्या धामधुमीत घरातल्या माणसाला झालेल्या फाशीनंतर वडिलांना शुद्धतेचे वेड लागते; बाजारातून आलेल्या जिनसाही धुऊन घेण्यापर्यंत ते जाते. नियम जितका कडक, तितकी घरातली लपवाछपवी अधिक, हे लक्ष्मीबाई हसत हसत दाखवतात. पुढे १८९५ मध्ये नारायण वामन टिळक बाप्तिस्मा घेतात आणि स्वतः लक्ष्मीबाई १९०० मध्ये. पण मधल्या काळात, बाप्तिस्म्यापूर्वीच, त्यांचे सोवळे गळून पडते. ते का सुटले याचा त्या युक्तिवाद करीत नाहीत. जाती देवाने केल्या की माणसाने, असा विचार करता करता मनाची गाठ सुटली, एवढेच सांगतात. अलीकडे या प्रसंगाचे वाचन बहुधा समाजसुधारणेच्या अंगाने होते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. येथे एका नियमाच्या जागी दुसरा नियम आलेला नाही, म्हणूनच आधीच्या आपल्या सोवळ्याची थट्टा त्या कडवटपणाशिवाय करू शकतात.

हाच सूर सर्वत्र आहे. टिळकांचा संताप, घरात पैसा नसताना दान करण्याची सवय, न सांगता निघून जाणे हे सारे येते; तितकेच ठळक लक्ष्मीबाईंचे स्वतःचे भांडण, हेका आणि भाबडेपणा येतात. कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही. ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनाशी तुलना करणाऱ्याला येथे पापाचे गांभीर्य कमी भासेल. प्रस्तुत लेखकाच्या मते ती तुलनाच थोडी दूरची आहे. स्वतःचे दोष देवापुढे बेधडक मांडण्याची रीत तुकोबांच्या अभंगांत होतीच, आणि टिळक ख्रिस्ताकडे तुकोबांच्याच वाटेने गेले. ‘कृपा’ हा शब्द या घरात मिशनबरोबर आलेला नाही. लक्ष्मीबाईंनी केले ते इतकेच की, अभंगातले हे धैर्य स्वयंपाकघरातल्या गद्यात आणले, आणि देवाऐवजी वाचकापुढे.

एक शंका मात्र राहते. टिळक १९१९ मध्ये वारले होते. त्यांच्या दोषांना दिलेली क्षमा ही जिवंत राहिलेल्या निवेदिकेने दिलेली क्षमा आहे, आणि त्यांना प्रत्युत्तराची सोय नाही. लक्ष्मीबाईंना याची जाणीव असावी. त्यांच्या भांडणांच्या वर्णनांत शेवटचा शब्द पुष्कळदा टिळकांचा असतो, आणि हसू त्यांच्या स्वतःच्या खर्चाने होते.