‘साक्ष’ या शब्दाचे दोन अर्थ : पंडिता रमाबाई आणि अनिष्टाची समस्या

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि सुमारे १८० माणसे दगावली, तेव्हा तिला दैवी आपत्ती म्हणणे सोपे होते. पुढे भूशास्त्रज्ञांनी या भूकंपाचा संबंध शिवसागर जलाशयातील पाण्याशी जोडला आणि निसर्गाची करणी कुठे संपते व माणसाची कुठे सुरू होते, हे सांगणे अवघड झाले. धरणामागे दुष्ट हेतू नव्हता. पण ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांच्या पुनर्वसनाची अर्धशतकाहून अधिक काळ झालेली परवड कोणत्याही भूस्तराच्या माथी मारता येत नाही. नैसर्गिक अनिष्ट आणि मानवी अनिष्ट असा जो भेद ख्रिस्ती ईश्वरमीमांसा सामान्यतः गृहीत धरते, तो प्रत्यक्षात असा पुसट होतो. अशा वेळी ईश्वरावर भरवसा ठेवणारा माणूस दोष कोणाच्या पदरी घालतो? मराठी ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या लेखनात विशेष तीव्रतेने उभा राहतो. तेथे भूकंपाच्या जागी दुष्काळ आहे.

रमाबाईंचे आई-वडील आणि थोरली बहीण १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात गेली. ‘माझी साक्ष’ या नावाने मराठीत परिचित असलेल्या १९०७ च्या आत्मनिवेदनात हा काळ येतो, तो निव्वळ करुण आठवण म्हणून येत नाही. घरातील पैसा व्रते, दाने, अनुष्ठाने यांत संपत गेला आणि अन्नाला काही उरले नाही, हा तपशील त्या नोंदवतात. पाऊस न पडणे हे निसर्गाचे. परंतु भुकेल्याकडून दक्षिणा घेणे हे माणसाचे. हा विवेक त्यांच्या धर्मांतरानंतर सुचलेला आहे असे म्हणता येईल, आणि ते काही अंशी खरेही आहे.

पण ‘साक्ष’ हा शब्द येथे थांबून पाहण्यासारखा आहे. ख्रिस्ती भक्तिपरंपरेत साक्ष म्हणजे ईश्वराने आपल्या जीवनात काय केले याचे जाहीर निवेदन. कचेरीत साक्ष म्हणजे आरोपीसमोर उभे राहून जे पाहिले ते सांगणे. रमाबाईंनी दुसऱ्या अर्थाची साक्ष आधी दिली. १८८२ साली, बाप्तिस्म्याच्या वर्षभर आधी, हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी शिकलेले पुरुषच स्त्रीशिक्षणाला विरोध करतात असे सांगितले आणि स्त्री-वैद्यांची निकड मांडली. पुढील भक्तिपर साक्षीने ही पहिली साक्ष गिळून टाकली, असा एक समज त्यांच्या अभ्यासात रूढ आहे. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) लिहिणारी बंडखोर विदुषी केडगावात प्रार्थनेत विरघळली, असे चित्र त्यातून तयार होते. १८९७ हे वर्ष या चित्रात बसत नाही.

त्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो मुली घेऊन आल्या. मदतछावण्यांत अनाथ मुलींवर टपून बसलेल्या माणसांविषयी त्यांनी लिहिले. त्याच वर्षी पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात आणि विलगीकरण छावणीत स्त्रियांची जी दशा होत होती, तिच्यावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप नाकारले. विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. ख्रिस्ती झालेली स्त्री ख्रिस्ती राज्यकर्त्यांविरुद्ध साक्षीला उभी राहते, आणि तीही ज्या श्रद्धेच्या बळावर केडगाव उभे राहिले त्याच श्रद्धेच्या बळावर. ‘ईश्वराची इच्छा’ हे शब्द येथे अपराध्याला आडोसा देत नाहीत.

आयुष्याची अखेरची वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली, हे या संदर्भात लक्षणीय आहे. ईयोबाच्या ग्रंथाच्या आरंभी चार निरोपे येतात : शबाई लोकांची लूट, आकाशातील अग्नी, खास्दी लोकांची लूट, रानातले वादळ. माणूस, निसर्ग, पुन्हा माणूस, पुन्हा निसर्ग. ईयोबाचे मित्र या सगळ्याचा एकच उलगडा करतात, पापाची शिक्षा असा, आणि शेवटी ईश्वर त्यांनाच खोटे ठरवतो. ईयोब उलगडा करत नाही. तो दाद मागतो, आणि आपला साक्षीदार स्वर्गात आहे असा दावा करतो. म्हणजे भरवसा आणि फिर्याद एकाच वाक्यात नांदतात. रमाबाईंच्या गद्याची जातकुळी ही आहे; ऑगस्टिनची, अनिष्ट म्हणजे केवळ चांगल्याचा अभाव ठरवणारी समजूतदार मांडणी त्यांच्या कामाची नव्हती. उपाशी मुलीला नासवणाऱ्या माणसाला अभाव म्हणणे कठीणच.

तरीही या साक्षीची एक बाजू लंगडी आहे. हिंदू समाजातील क्रौर्याचे मूळ रमाबाई चटकन धर्मातच शोधतात. गोऱ्या अधिकाऱ्यांचे क्रौर्य मात्र त्यांच्या लेखी व्यक्तींचा किंवा कारभाराचा दोष राहते, त्यांच्या धर्माचा होत नाही. हा दुहेरी मापदंड त्यांच्या चाहत्यांनी पुरेसा तपासलेला नाही. आणि ज्यांच्यासाठी ही साक्ष दिली गेली त्या मुली? १९०५ च्या पुनरुज्जीवनात मुक्ती मिशनमधील त्यांचे रडणे, मोठमोठ्याने प्रार्थना करणे यांची वर्णने झाली, पण ती समूहाची वर्णने आहेत. छावणीत आपल्या वाट्याला काय आले, कोणामुळे आले आणि त्या वेळी देव आपल्याला कुठे दिसला, हे त्यांच्या वतीने बहुधा रमाबाईच सांगतात.