मोडी कागद व रकान्यांचें यंत्र : एक परीक्षण

प्रस्तुत परीक्षणाचा विषय ग्रंथ नसून एक साधन आहे. मायक्रोसॉफ्टचें ‘पॉवर ऑटोमेट’ व त्यास जोडून येणारा ‘एआय बिल्डर’ यांच्या योगानें, संगणकाची भाषा फारशी न शिकतां, पडद्यावर चौकटीस चौकट जोडून कामाचा क्रम बांधतां येतो. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कांत अशा कामाचे जाणकार पुष्कळ आहेत. बिलाची प्रतिमा ठराविक ठिकाणीं येऊन पडली कीं यंत्र ती वाचतें. क्रमांक, तारीख व रक्कम वेगळी काढतें आणि तक्त्याच्या रकान्यांत भरतें. हेंच यंत्र जुन्या दफ्तरांसही लावावें, असा विचार संग्राहकांकडून आमच्या कानीं आला. म्हणून त्याचे गुणदोष येथें पाहणें अवश्य वाटतें.

गुण आधीं सांगतों. यंत्रास शिकविण्यास एका घडणीचे किमान ५ नमुने पुरतात. काढलेल्या प्रत्येक मजकुराबरोबर तें आपल्या खात्रीचा आंकडा देतें, आणि आंकडा कमी असल्यास कागद माणसाच्या मंजुरीस धाडण्याची चौकट जोडतां येते. छापील सूच्या, टंकलिखित नोंदवह्या, देणगीच्या पावत्या यांसाठीं तें खुशाल वापरावें. अशीं कामें हातानें करण्यांत अभ्यासकांचीं वर्षें खर्ची पडलीं आहेत.

मोडी कागदाची गोष्ट निराळी. २०१४ सालीं मोडीस युनिकोडमध्यें स्थान मिळालें. परंतु तेणेंकरून अक्षरास संकेत मिळाला, वाचन मिळालें नाहीं. २०२५ सालीं रुडकीच्या आयआयटीनें दोन हजारांवर मोडी प्रतिमा देवनागरी लिप्यंतरासह सिद्ध केल्या. यंत्र पुढेंमागें मोडी वाचूं लागेल, हें आम्ही गृहीत धरतों. आमचा आक्षेप वाचनानंतरच्या पायरीवर आहे.

उदाहरणार्थ, कागदावर ‘सन सबा सबैन अलफ’ अशी अक्षरें आहेत. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार, एकूण १०७७. हा शुहूर सन असल्यास ५९९ किंवा ६०० मिळवून इ. स. १६७६-७७ येतो. हिजरी मानल्यास इ. स. १६६६-६७ येतो. शुहूर सनाच्या कागदांतही महिने मोहरम, रबिलावल असे हिजरीच असतात. त्यामुळें ही चूक होण्यास वाव फार. पहिल्या वाचनानें कागद १६७४ च्या राज्याभिषेकानंतर, कर्नाटकच्या स्वारीच्या काळांत पडतो. दुसऱ्यानें आग्र्याच्या प्रसंगाच्या आसपास. तक्त्यांत मात्र ‘तारीख’ हा एकच रकाना, आणि त्याशेजारीं खात्रीचा आंकडा भरघोस! तो आंकडा अक्षरें ओळखल्याची साक्ष देतो. सन ओळखल्याची नव्हे.

शिवाय ज्यास रकाना नाहीं तें नाहींसेंच होतें. मुद्रा कोठें उठली आहे, शेवटची ओळ निराळ्या हातची आहे काय, पाठीवर काय शेरा आहे, यांवर पुष्कळदां कागदाचा खरेखोटेपणा ठरतो. मोडींत पदें तोडून लिहीत नाहींत. ऱ्हस्वदीर्घाचाही भेद पाळीत नाहींत. म्हणजे पदच्छेद करणें हाच अर्थनिर्णय होय. राजवाडे यांनीं १८९८ पासून मूळ पत्रेंच छापण्याचा पायंडा दृढ केला, तो याचसाठीं मोलाचा. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तराचे ४५ भाग काढले, ते निवडकच होत. तरी संपादक कोण हें वाचकास ठाऊक असतें व छापलेलें पत्र त्याच्या डोळ्यांपुढें असतें. तक्त्यांत पत्रही दिसत नाहीं आणि निवडणाराही दिसत नाहीं.

यास्तव आमची सूचना अशी. प्रत्येक ओळींत रुमालाचा व प्रतिमेचा क्रमांक असावा. कागदावरील अक्षरें जशींच्या तशीं एका रकान्यांत, त्यांवरून काढलेला सन व मिती दुसऱ्यांत आणि तपासणाराचें नांव तिसऱ्यांत असावें. खात्रीचा आंकडा कितीही मोठा असो, प्रत्येक मिती मोडी व कालगणना जाणणाऱ्याच्या मंजुरीवांचून पुढें जाऊं नये. हें सर्व याच साधनांत करतां येतें. न केल्यास दोष योजणाराचा. हें यंत्र कारकुनाच्या जागीं योग्य आहे, संपादकाच्या जागीं नाहीं. ज्यांचे तक्ते प्रतिमाक्रमांकावांचून तयार झाले असतील, त्यांनीं रुमाल पुन्हा बांधून ठेवण्यापूर्वीं तेवढें काम उरकून घ्यावें. पुढें कोणत्या ओळीचा कागद कोणता, हें सांगणारा मिळणार नाहीं.