आग्रा-प्रकरणातील पूर्वयोजना : बखर, पत्रे आणि लोकस्मृती

ज्या नगरातील सत्ता आपली नाही आणि ज्या यजमानाच्या हेतूविषयी पुरती खात्री नाही, अशा ठिकाणी समारंभास जावयाचे झाल्यास आपल्या माणसांच्या सुरक्षिततेची योजना कशी करावी, हा प्रश्न आज मोठ्या कंपन्यांच्या कारभारात नित्याचा झाला आहे. परदेशातील जोखमीच्या शहरात परिषद भरवावयाची, तर स्थळ, निवास, मार्ग, पहारा, निरोपाची साधने आणि प्रसंगी तातडीने बाहेर पडण्याची सोय यांचा आराखडा आधीच सिद्ध ठेवावा लागतो. या विषयावरील लिखाण बहुधा इंग्रजीत होते, आणि मराठी वाङ्मयाशी त्याचा काही संबंध असेल अशी कल्पनाही अभ्यासकास सहसा येत नाही. वस्तुतः या प्रश्नाचे एक थोर उदाहरण मराठी इतिहास-वाङ्मयाच्या केंद्रस्थानी आहे. ते म्हणजे इ. स. १६६६ मधील शिवाजी महाराजांची आग्रा-भेट. तथापि त्याकडे आपण योजनेचे उदाहरण म्हणून पाहत नाही. युक्तीचे, किंबहुना चमत्काराचे म्हणून पाहतो. ही दृष्टी कोठून आली आणि तीमुळे आपण काय गमावले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम घटनाक्रम ध्यानात घेऊ. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन झाले. त्यानंतर मिर्झाराजे जयसिंगांच्या आग्रहावरून महाराजांनी बादशहाच्या भेटीस जाण्याचे मान्य केले. खर्चासाठी एक लक्ष रुपये दक्षिणेच्या खजिन्यातून मिळाले. मार्च १६६६ मध्ये राजगडाहून निघालेली ही मंडळी ११ मे रोजी आग्र्याच्या सीमेवर पोहोचली, आणि दुसऱ्याच दिवशी, औरंगजेबाच्या पन्नासाव्या चांद्र वाढदिवसाच्या दरबारात, भेट झाली. पुढे चौकी-पहारे बसले. ऑगस्टच्या मध्यास महाराज निसटले.

या प्रसंगाचा आद्य महत्त्वाचा मराठी निवेदक म्हणजे कृष्णाजी अनंत सभासद. सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, त्याने आपली बखर लिहिली. भेटीनंतर सुमारे तीस वर्षांनी आणि घटनास्थळापासून फार दूर बसून तो लिहीत होता, हे विसरता येत नाही. भेटीचे नगर तो दिल्ली समजतो. हा केवळ स्थलनामाचा प्रमाद नव्हे. दक्षिणेतील माणसाच्या लेखी बादशहा जेथे तेथे दिल्ली होती. त्या नगराच्या गल्ल्या, बागा, वेशी, चौक्या त्याच्या कल्पनेत नव्हत्या. त्यामुळे त्याच्या निवेदनातून नगर जवळजवळ नाहीसे होते आणि उरतात ती माणसे : राजा, बादशहा, रामसिंग, पहारेकरी. सुरक्षा-योजनेच्या अभ्यासकाला हवी असलेली भूमी बखरीत मिळत नाही. हे तिचे उणेपण स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.

परंतु याच बखरीत एक गुण आहे, आणि त्याकडे टीकाकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सभासद प्रस्थानापूर्वी राज्याची निरवानिरव सांगतो. मातुश्री जिजाबाईंच्या हाती राज्य राहिले आणि मोरोपंत पिंगळ्यांसारखे कारभारी आपापल्या जागी राहिले, हा तपशील त्याला प्रवासवर्णनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. निवेदनाचा हा क्रम अर्थपूर्ण आहे. जाणारा परत आला नाही तरी मागचे घर चालले पाहिजे, ही या योजनेची पहिली कलमबंदी होय. राजा कैदेत असताना राज्य विस्कटले नाही, याचे श्रेय आग्र्यात झालेल्या कोणत्याही युक्तीस नाही. ते राजगडावर आधीच झालेल्या या व्यवस्थेस आहे. यजमानाच्या हाती पाहुणा सापडला तरी पाहुण्याचे राज्य त्याच्या हाती सापडत नाही, अशी स्थिती निर्माण करणे ही सुरक्षिततेची सर्वांत खोल पायरी आहे. सभासदाने ती ओळखली होती.

पेटाऱ्यांच्या वर्णनातही त्याची हीच दृष्टी दिसते. दुखण्याचे निमित्त, मिठाईचे पेटारे वाटण्याचा क्रम, पहारेकऱ्यांनी आरंभी ते उघडून पाहणे आणि पुढे सवयीने पाहणे सोडून देणे, हिरोजी फर्जंदाने शय्येवर पडून राहणे, हे सारे तो थोडक्या शब्दांत सांगतो. येथे नाट्य आहे. पण त्या नाट्याचा पाया काळ हा आहे. पहाऱ्याची दक्षता एका दिवसात ढिली होत नाही. ती रोजच्या पुनरावृत्तीने ढिली होते. उत्तरकालीन बखरींत, कीर्तनांत, पोवाड्यांत, शालेय पुस्तकांत आणि पुढे रंगभूमी व चित्रपट यांत हा काळ गळून पडला. उरला तो पेटारा. लोकस्मृतीने वस्तूला नायकत्व दिले आणि व्यवस्थेला विस्मृतीत टाकले. लोकवाङ्मयाचा तो धर्मच आहे, त्याबद्दल त्यास दोष देण्याचे कारण नाही. परंतु विद्यापीठीय अभ्यासकानेही पेटारा खरा की खोटा, एवढ्याच वादात रमावे, हे मात्र समर्थनीय नाही.

या वादापलीकडे जाण्याचे साधन आपल्या हाती आहे. आमेरच्या दरबारातील सेवक परकालदास आणि त्याचे सहकारी यांनी आग्र्याहून धाडलेली राजस्थानी पत्रे जयपूरच्या दप्तरात सापडली. यदुनाथ सरकार आणि रघुवीरसिंह यांनी संपादिलेला त्यांचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. या पत्रांना वाङ्मयीन आकांक्षा नाही. आज काय घडले, कोण काय बोलला, एवढेच ती सांगतात. पण बखरीत जे नगर नाहीसे झाले होते ते येथे पुन्हा उभे राहते. महाराजांबरोबर आग्र्यास आलेली माणसे सुमारे अडीचशे होती, हे येथे कळते. स्वागतास निघालेला रामसिंग आणि महाराजांना घेऊन येणारा त्याचा मुनशी हे दोघे वेगवेगळ्या वाटांनी गेले, भेटीस विलंब झाला, आणि मंडळी पोहोचेपर्यंत बादशहा दिवाण-इ-आममधून उठून दिवाण-इ-खासमध्ये गेला होता, हेही येथेच कळते.

हा विलंब क्षुल्लक नव्हे. संकटाचा आरंभ शस्त्राने झाला नाही, मानपानाने झाला. कोणी कोठे उभे राहावयाचे, कोणाच्या रांगेत, कोणत्या मनसबदाराच्या मागे, यांविषयी स्पष्ट करार आधी झालेला नव्हता. महाराजांना पंचहजारींच्या रांगेत उभे करण्यात आले, त्यांचा संताप अनावर झाला, आणि पाहुणा एका प्रहरात संशयित ठरला. म्हणजे शिष्टाचार आणि सुरक्षा ही दोन निराळी खाती आहेत, ही समजूतच चुकीची ठरते. ज्या दरबारात मान हीच सत्तेची भाषा आहे, तेथे आसनाचा प्रश्न हा जिवाचा प्रश्न असतो. प्रवासानंतर एका दिवसाचाही अवकाश न ठेवता समारंभास जावे लागले, हा योजनेतील दुसरा दोष होय.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे, आणि तो जामिनाचा आहे. महाराजांच्या सुरक्षिततेची हमी जयसिंगांनी दिली होती. पण जयसिंग दक्षिणेत होते आणि हमी पाळण्याचा भार आग्र्यात त्यांच्या तरुण पुत्रावर पडला. रामसिंगाची निष्ठा निःसंशय होती. कोतवाल सिद्दी फुलादच्या हाती महाराजांना देण्याचा बेत त्याने रोखला आणि स्वतः जामीन लिहून दिला. पण निष्ठा आणि सामर्थ्य या भिन्न वस्तू आहेत. यजमानाचा चाकर यजमानाविरुद्ध किती काळ हमी पाळू शकेल? हा प्रश्न निघण्यापूर्वी विचारावयाचा असतो. अलीकडचे एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. २००९ मध्ये श्रीलंकेचा क्रिकेट संघ पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेला तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या तोडीच्या बंदोबस्ताचे आश्वासन त्यास मिळाले होते. ३ मार्च रोजी लाहोरमध्ये मैदानाकडे जाणाऱ्या त्याच्या बसवर हल्ला झालाच. आश्वासनाची पातळी कितीही उंच असो, चौकात प्रत्यक्ष कोण उभा आहे यावरच सर्व अवलंबून असते.

महाराजांनी हे दोष नगरात पोहोचल्यावर ओळखले, आणि पुढील तीन महिने ते एकेक करून दुरुस्त केले, असे या पत्रांवरून म्हणता येते. रामसिंगाने आपल्यासाठी दिलेला जामीन परत घ्यावा, असे त्यांनी त्यास सुचविले. बरोबरच्या माणसांसाठी परवाने मागून त्यांना राजरोस स्वदेशी धाडले. बादशहाला ही मागणी सोयीची वाटली, कारण पाहुण्याचे बळ त्यामुळे कमी होत होते; पाहुण्यालाही ती सोयीची होती, कारण मागे अडकणारी माणसे कमी होत होती. निसटल्यावर दक्षिणेची अपेक्षित वाट न धरता ते उत्तरेस मथुरेकडे वळले, आणि बालवयीन संभाजीराजांना तेथे मोरोपंतांच्या आप्तांकडे ठेवून पुढे गेले. पेटारा या मालिकेतील एक दुवा होता. तो एकटा निरुपयोगी ठरला असता.

तथापि योजनेची परीक्षा केवळ मुख्य व्यक्ती सुखरूप परतली की नाही, यावर करणे न्याय्य नाही. आग्र्यात रघुनाथ बल्लाळ कोरडे आणि त्र्यंबक सोनदेव डबीर पकडले गेले आणि त्यांना यातना सोसाव्या लागल्या. पुढे ते सुटून आले. रामसिंगाची मनसब गेली आणि दरबारात येण्यास त्याला बंदी झाली. जयसिंग १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरास, अपमानित मनःस्थितीत, निवर्तले. विजयकथेच्या कडेला पडलेली ही नावे आपल्या लोकपरंपरेत क्वचितच ऐकू येतात. बखरीचे लक्ष राजावर असते आणि ते स्वाभाविकही आहे. पण आजच्या टीकाकाराने मागे राहिलेल्यांचाही हिशोब मांडला पाहिजे. कोणत्याही समारंभाच्या आराखड्यात व्यासपीठावरील पाहुण्यापेक्षा दुभाषा, वाहनचालक, स्थानिक मध्यस्थ हेच अधिक उघड्यावर असतात, आणि संकट ओसरल्यावर त्यांना त्याच नगरात राहावयाचे असते.

शेवटी आपल्याच जिल्ह्यातील एका स्थळाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे संभाजी महाराज मुकर्रबखानाच्या हाती सापडले. तेवीस वर्षांपूर्वी आग्र्यातून सुखरूप निघालेला राजपुत्र स्वतःच्या मुलुखात, सह्याद्रीच्या आड, पकडला गेला. खान कोल्हापूरकडून अवघड घाटवाटेने एवढ्या त्वरेने येईल, अशी अपेक्षा नव्हती. जोखमीचे नगर म्हणून कायमचे चिन्हांकित असे कोणतेही स्थळ नसते; नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतील पंचतारांकित हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांनीही तेच अनुभवले. परमुलुखात माणूस सावध असतो. स्वस्थलाची खात्री त्याला गाफील करते. म्हणून आग्रा आणि संगमेश्वर ही प्रकरणे एकमेकांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

एकंदरीत पाहता, सभासदाची बखर नगराविषयी आंधळी आहे, पण व्यवस्थेविषयी डोळस आहे. राजस्थानी पत्रे नगर दाखवितात, पण त्या घटनांचा अर्थ लावीत नाहीत. लोकस्मृती अर्थ देते, पण व्यवस्था विसरते. या तिन्ही साधनांचा मेळ घालून आग्रा-प्रकरणाचे नवे वाचन झाले, तर शौर्याच्या कथेस उणेपण येणार नाही. उलट तीत दूरदृष्टीची, आणि मागे राहिलेल्यांप्रति असलेल्या ऋणाची, भर पडेल. पदव्युत्तर अभ्यासकांनी हे काम हाती घ्यावे. त्याचा आरंभ पेटाऱ्यापासून न करता राजगडावरील त्या निरवानिरवीपासून करावा, म्हणजे योजनेचे खरे सूत्र सापडेल.