कालोचा ‘ब्रेडाचा वेढा’

आश्रयदात्याचें मीठ खाऊन चित्रकाराला युद्धाविषयीं खरें बोलतां येतें काय? नान्सी येथील झाक कालो (१५९२–१६३५) याचा ‘ब्रेडाचा वेढा’ पाहतांना हा प्रश्न आमच्या मनांत वारंवार आला. स्पेनच्या चाकरींतील सेनापति स्पिनोला यानें नेदरलंड्समधील ब्रेडा शहरास १६२४ च्या ऑगस्टांत वेढा घातला व १६२५ च्या जूनमध्यें तें उपासमारीनें टेकीस आणून घेतलें. त्या विजयाचें स्मारक म्हणून तेथील स्पॅनिश मुलुखाची राज्यकर्ती इसाबेला हिनें हें चित्र करविलें; १६२८ मध्यें तें सहा ताम्रपटांवरून छापलें गेलें.

डोंगरी किल्ल्यांची संवय असलेल्या दृष्टीला येथें प्रथम किल्लाच दिसत नाहीं. तोफांपुढें उंच तटांचा टिकाव लागेना, म्हणून त्या काळीं युरोपांत बुटके, रुंद तट व बाणाच्या अग्रासारखे पुढें आलेले बुरूज बांधूं लागले. पाण्याच्या खंदकानें वेढलेलें तसलें शहर दूरवर ताऱ्यासारखें पसरलें आहे, आणि त्याच्या भोंवतीं स्पिनोलाच्या मोर्च्यांचें दुसरें कडें आहे. हा भाग म्हणजे नकाशाच होय.

खालीं मात्र नकाशा सरतो व जमीन डोळ्यांसमोर येते. तेथें गाडे आहेत, घोडेस्वार आहेत, छावणीची वर्दळ आहे, आणि तींतच शिपायांची लूटमारहि आहे. कालो ताम्रपटावर तंतुवाद्यें करणाऱ्यांचें कठीण रोगण लावी, त्यावर सुईनें रेखाटी व मग तो पट अम्लाकडून खाववी. दूरच्या रेषा लौकर झांकून टाकून जवळच्या रेषा अधिक वेळ खाऊं देण्याची त्याची रीति होती. त्यामुळें दूरचा तट नाजूक व फिकट, तर जवळचा माणूस ठसठशीत उमटतो.

नकाशा व चित्र यांचा सांधा नीट जुळलेला नाहीं, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु हा दोषच आम्हांस बोलका वाटतो. सेनापतीला हवा होता तो वेढा वर आहे; तो ज्यांच्या शेतांतून गेला, ते लोक खालीं आहेत.

पुढें १६३३ मध्यें, फ्रेंच सैन्यानें नान्सी घेतलें त्याच वर्षीं, कालोची युद्धांतील आपत्तींवरील अठरा लहान चित्रांची माला प्रसिद्ध झाली. तींत वेढ्याचा नकाशा नाहीं. लुटलेलीं घरें, फांसावर लटकलेले शिपाई व सूड घेणारे शेतकरी आहेत. ब्रेडाच्या चित्रांत जें त्यानें तळाशीं हळूच सांगितलें, तेंच येथें उघड सांगितलें. मीठ खाल्लें, तरी जीभ विकली नव्हती.