विचारल्याशिवाय न बोलणारी गावं

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचं अँकरहेड हे एक काल्पनिक गाव. पावसाला नुकती सुरुवात झाली आहे. नवऱ्याला अचानक वारशात मिळालेल्या जुन्या वाड्याच्या किल्ल्या घ्यायला एक बाई दलालाच्या कचेरीपाशी आली आहे आणि कचेरीत कुणीच नाही. पडद्यावर चित्र नाही, संगीत नाही. मजकुराचा एक परिच्छेद आणि त्याखाली लुकलुकणारा कर्सर, एवढंच. बाईनं बोळात शिरायचं, कचऱ्याच्या डब्यावर चढून खिडकी गाठायची की परत फिरायचं, हे खेळणाऱ्यानं दोन-चार इंग्रजी शब्दांत टाइप करायचं. मायकल जेंट्री यांनी १९९८ साली हा खेळ लिहिला आणि फुकट वाटला. हौशी मंडळींनी तो डोक्यावर घेतला. लहान गावातलं काळं रहस्य उलगडणारा कोणताही टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर तेव्हापासून 'अँकरहेड'च्या शेजारी ठेवूनच पाहिला जातो. पाव शतक उलटूनही दुसरं माप सापडलेलं नाही. ही त्या खेळाची थोरवी आहे आणि या कलेपुढची अडचणही.

टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरचा जन्म निर्मनुष्य जागेत झाला. विल क्राउदर हे प्रोग्रॅमर होते आणि गुहांचे शोधकही. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या परिसरात ते स्वतः उतरले होते. त्या ओळखीच्या बळावर १९७५-७६ च्या सुमारास त्यांनी 'अ‍ॅडव्हेंचर' लिहिला आणि १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी तो वाढवला. एमआयटीतल्या मंडळींनी त्याच वाटेनं 'झॉर्क' रचला आणि १९७९ मध्ये इन्फोकॉम कंपनी निघाली. भुयारं, खजिने, कंदील आणि कुलपं यांनी हे खेळ भरलेले होते. माणसं जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे कुणाच्या मनात काय आहे हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तो प्रश्न १९८२ मध्ये मार्क ब्लँक यांच्या 'डेडलाइन'नं आणला. कनेटिकटमधला एक धनाढ्य गृहस्थ औषधाच्या अतिमात्रेनं मेला आहे. आत्महत्या की खून, हे ठरवायला पोलिस अधिकाऱ्याकडे बारा तास आहेत. घरातली माणसं आपापल्या वेळापत्रकानं हिंडतात, फोनवर बोलतात, गोष्टी लपवतात. अधिकारी ज्या खोलीत नाही तिथंही काहीतरी घडत असतं, आणि ते हुकलं की हुकलं. फ्लॉपीवर सगळा मजकूर मावेना, म्हणून जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल आणि गोळ्यांची पुडी खोक्यातच घालून दिली गेली. जागेच्या टंचाईतून निघालेली ही युक्ती पुढं इन्फोकॉमची ओळख बनली.

गाव मात्र १९८५ मध्ये आलं, आणि एकाच वर्षात दोनदा. ब्रायन मोरियार्टी यांच्या 'विशब्रिंगर'मध्ये फेस्टरॉन गावातला टपाल कारकून एक पत्र पोचवायला टेकडीवर जातो. परत येतो तेव्हा त्याच गावाचं विचव्हिल झालेलं असतं. रस्ते तेच, पण माणसं बदललेली आणि रस्त्यावर गस्त. खेळ नवशिक्यांसाठी होता, सोपा होता, तरी ओळखीच्या जागेनं अनोळखी तोंड दाखवण्याची भीती त्यानं नेमकी पकडली. स्टीव्ह मेरेट्झकी यांचा 'अ माइंड फॉरएव्हर व्हॉयेजिंग' याहून धीट. साउथ डकोटातलं रॉकव्हिल गाव दहा-दहा वर्षांच्या टप्प्यांनी भविष्यात सरकतं आणि खेळणारा त्याच चौकांतून, त्याच घरातून पुन्हा पुन्हा फिरतो. कोडी फारशी नाहीत. गाव कसकसं सडत जातं हे पाहणं आणि नोंदवणं हेच काम. रेगन यांच्या काळातल्या राजकारणावरची ही टीका मेरेट्झकी यांनी उघडपणे केली होती. रहस्यकथेची चौकट नसूनही या प्रकारातल्या पुढच्या सगळ्या खेळांना पुरेल एवढं शिक्षण या खेळात आहे: गाव म्हणजे खोल्यांचा नकाशा नव्हे, त्याला काळ असतो.

१९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजननं इन्फोकॉम विकत घेतली, १९८९ मध्ये ती बंद पडली. धंदा संपला आणि कला हौशी लोकांच्या हाती आली. ग्रॅहम नेल्सन यांनी १९९३ मध्ये इन्फॉर्म ही भाषा मोफत दिली. इन्फोकॉमचे खेळ ज्या यंत्ररचनेवर चालत त्याच रचनेवर चालणारे खेळ आता घरबसल्या कुणालाही करता येऊ लागले. 'अँकरहेड' त्याच भाषेत लिहिला गेला.

त्याचं मूळ एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथांत आहे. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द शॅडो ओव्हर इन्समथ'मधलं किनाऱ्यावरचं कुजकं बंदर, परक्याकडे रोखून पाहणारे गावकरी, दारूवर सैल होणारी म्हाताऱ्याची जीभ, हे सगळं जेंट्री यांनी जाणीवपूर्वक उचललं. पण लव्हक्राफ्टच्या त्या कथेतली भीती बऱ्याच अंशी वंशद्वेषाची आहे. रक्तात भेसळ झाली की माणूस हीन होतो, या किळसेवर ती उभी आहे. जेंट्री यांनी ही भीती उलटी फिरवली. त्यांच्या खेळातलं पाप बाहेरून आलेल्या कुणाचं नाही. ते गावातल्या सर्वांत श्रीमंत, सर्वांत प्रतिष्ठित व्हर्लॅक घराण्याचं आहे, आणि त्याची किंमत पिढ्यान्पिढ्या त्या घरातल्या मुलींनी शरीरानं मोजली आहे. नायिका या घराण्याची सून. ज्याच्या भरवशावर ती या गावात आली तो नवरा दिवसागणिक परका होत जातो. लव्हक्राफ्टच्या कथांत बायका जवळजवळ नाहीतच. इथं सगळं रहस्य एका बाईच्या नजरेतून आणि तिच्या धोक्यातून उलगडतं. या बदलाचं श्रेय जेंट्री यांना जितकं मिळायला हवं तितकं मिळालेलं नाही.

दुसरी थोर गोष्ट रचनेतली. या खेळातली बरीच कुलपं किल्लीनं उघडतच नाहीत, माहितीनं उघडतात. ग्रंथालयातली जुनी कात्रणं, न्यायालयातली दप्तरं, कुटुंबाचे जुने फोटो, थडग्यावरची नावं. कोण कुणाचा मुलगा, कोण कधी मेलं, हे ताडून पाहिल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. खेळ काहीच अधोरेखित करत नाही. अमुक नाव तमुक ठिकाणी विचारावं हे खेळणाऱ्याला स्वतः सुचावं लागतं, आणि ते टाइप करताना बोटं जड होतात, कारण उत्तराचा अंदाज आधीच आलेला असतो. कादंबरीत नायिका तळघराचा दरवाजा उघडते तेव्हा वाचक तिला मनातल्या मनात थांबवू पाहतो. इथं तो दरवाजा वाचकानंच उघडलेला असतो. पार्सर म्हणजे टाइप केलेलं वाक्य समजून घेणारी यंत्रणा. तिची सगळी ताकद या एका गोष्टीत आहे.

लहान गाव या माध्यमाला इतकं का मानवतं, याचं उत्तरही इथंच मिळतं. महानगर शब्दांत बांधायचं तर हजार दारं बंद ठेवावी लागतात आणि ती का बंद आहेत याची सबब द्यावी लागते. आडगावात मुळात दहा-पंधरा दारं. त्यातलं प्रत्येक दुसऱ्याशी नात्यानं, कर्जानं किंवा वैरानं जोडलेलं. परका आला की सगळे गप्प होतात, हेही गावाच्या स्वभावाला धरूनच असतं. पार्सरला बहुतेक प्रश्न कळत नाहीत. 'तुमच्याशी कुणी बोलायला तयार नाही' हे उत्तर अशा गावात खरं वाटतं. यंत्राची उणीव गावाच्या मौनात खपून जाते.

मात्र ही सोय हळूहळू आळसात बदलली. 'अँकरहेड'नंतर धुकं, दीपगृह, जुना वाडा आणि घुमे गावकरी यांची रांग लागली, पण बोलणारी माणसं त्या प्रमाणात वाढली नाहीत. 'अँकरहेड'मध्येही ती कमीच आहेत. शिवाय मूळ आवृत्तीत एखादी वस्तू वेळेत घेतली नाही तर खेळ कधीच पूर्ण होऊ शकत नाही आणि खेळणाऱ्याला ते बऱ्याच उशिरा कळतं. २०१८ च्या सचित्र, विकत मिळणाऱ्या आवृत्तीत जेंट्री यांनी बरीच डागडुजी केली. पार्सरच्या खेळात माणूस किती खोल बोलू शकतो हे तर एमिली शॉर्ट यांनी २००० मध्येच 'गॅलेटिया'त दाखवलं होतं. एकच पुतळा, एकच खोली, आणि संवादाच्या वळणांनुसार निघणारे अनेक शेवट. त्या दर्जाची चार माणसं एका गावात वसवणारा खेळ आजही विरळा.

याचं एक कारण अगदी व्यवहारातलं आहे. १९९५ पासून दरवर्षी होणारी इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन ही या हौशी जगाची मुख्य पेठ. तिच्या नियमाप्रमाणे परीक्षकानं एका खेळाला जास्तीत जास्त दोन तास देऊन गुण द्यायचे. दोन तासांत एक खोली, एक खून, एक चमत्कृती नीट बसते. गाव बसत नाही. 'अँकरहेड' या स्पर्धेत नव्हताच. तो स्वतंत्रपणे आला, आणि म्हणूनच तो तीन दिवसांचा, दमानं वाढणारा होऊ शकला. स्पर्धेनं या कलेला जिवंत ठेवलं हे निर्विवाद. पण लांब पल्ल्याची सवयही तिनंच मोडली.

२०१८ मध्येच 'अँकरहेड'च्या विशीनिमित्त रायन व्हीडर आणि जेनी पोलोडना यांनी 'क्रॅगने मॅनर' उभा केला. ८० हून अधिक लेखकांनी प्रत्येकी एक खोली लिहिली, इतरांनी काय लिहिलं हे न पाहता. व्हरमाँटमधलं बॅकवॉटर हे गाव त्यातून तयार झालं. मैत्रीचा आणि कृतज्ञतेचा हा मोठा उत्सव आहे, आणि काही खोल्या अप्रतिम आहेत. गाव म्हणून मात्र तो टिकत नाही, कारण शेजारच्या खोलीत काय झालं हे इथं कुणालाच ठाऊक नाही. गावाचं गावपण तर त्या ठाऊक असण्यातच असतं.

दरम्यान टाइप करण्याची पद्धतच मागं पडली. २००९ मध्ये क्रिस क्लिमस यांनी ट्वाइन हे मोफत साधन दिलं आणि दुव्यावर टिचकी मारून पुढं जाणाऱ्या कथांचा पूर आला. प्रोग्रॅमिंग न येणारे कितीतरी लेखक या कलेत आले, ही फार मोठी कमाई. पण रहस्यकथेत दुव्यांची यादी घात करते. 'पाद्र्याला मुलीबद्दल विचारा' असा पर्याय समोर छापलेला असला की तपास संपला. संशय घेण्याचं काम लेखकानं परस्पर उरकून टाकलेलं असतं.

ही कोंडी फोडण्याचे सर्वांत चांगले प्रयत्न टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरच्या अंगणाबाहेर झाले. सॅम बार्लो यांनी १९९९ मध्ये 'आइल' हा एकाच आज्ञेत संपणारा मजकुराचा खेळ लिहिला होता. त्यांचा २०१५ चा 'हर स्टोरी' पोलिस जबानीच्या चित्रफितींचा आहे, पण त्याचा गाभा जुन्या पार्सरचाच. शब्द टाइप करायचा, तो शब्द असलेल्या पहिल्या पाचच फिती दिसतात, पुढचा शब्द स्वतः शोधायचा. विचारण्याचं ओझं पुन्हा खेळणाऱ्यावर आलं.

आणि मग २०२२ चा 'पेंटिमेंट'. जॉश सॉयर यांनी सोळाव्या शतकातलं बव्हेरियातलं टासिंग हे गाव रचलं. चित्रं आहेत, पण ध्वनिमुद्रित संवाद एकही नाही. प्रत्येकाचं बोलणं त्याच्या शिक्षणाला आणि दर्जाला शोभेल अशा अक्षरवळणात उमटतं. खून होतो, आंद्रेआस हा चित्रकार तपास करतो, आणि वेळ इतका थोडा की सगळ्या शक्यता तपासताच येत नाहीत. पुष्कळसे धागेदोरे जेवणाच्या पंक्तीत हाती येतात. कुणावर तरी बोट ठेवावं लागतं, त्या माणसाला शिक्षा होते आणि खेळ कधीच सांगत नाही की तो खरा गुन्हेगार होता का. पुढं वर्षं उलटतात. ज्यांच्या घरी जेवलो त्यांची मुलं मोठी होतात आणि जुना निवाडा कुणीच विसरलेलं नसतं. रॉकव्हिलचा काळ आणि 'गॅलेटिया'चा संवाद एका गावात नांदताना दिसतात ते इथं. निव्वळ मजकुराच्या खेळांनी अभ्यासावा असा आजचा धडा हाच आहे.

पार्सरला बहुतेक प्रश्न कळत नाहीत, ही अडचण भाषेची मोठी प्रारूपं सोडवतील अशी आशा अनेकांना वाटते. २०१९ मध्ये 'एआय डंजन'नं कोणत्याही वाक्याला उत्तर देणारा खेळ आणला तेव्हा पार्सरचा बहिरेपणा संपला असंच वाटलं. पण रहस्यकथेत गुन्हा आधीच घडलेला असावा लागतो. विचारलेल्या प्रश्नानुसार भूतकाळ जागच्या जागी रचला जात असेल तर शोधायला काही उरत नाही. पात्रांचं बोलणं यंत्रानं मोकळं केलं आणि सत्य लेखकानं पक्कं ठेवलं, तरच यातून काही हाती लागेल.

मराठी वाचकाला हे जग परकं वाटण्याचं कारण नाही. स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट'मधलं पोखरलं गेलेलं गाव नारायण धारपांनी 'लुचाई'त आपल्या मातीत आणून ठेवलं आणि पिढ्यान्पिढ्या ते वाचलं गेलं. भयकथेचा आणि गुप्तहेरकथांचा एवढा दांडगा वाचक असलेल्या भाषेत असे खेळ सहज रुजायला हवेत. मराठी पार्सर बनवणं अवघड आहे, कारण नामाला प्रत्यय लागताच त्याचं रूप बदलतं आणि क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीसाठी बांधलेली यंत्रणा तिथं चालत नाही. पण ट्वाइनमध्ये देवनागरी मजकूर आजही लिहिता येतो, ते मोफत आहे आणि तयार झालेली कथा मोबाइलच्या ब्राउझरवर उघडते. रहस्यकथा लिहिणाऱ्या मराठी लेखकांनी आधी 'अँकरहेड' आणि 'पेंटिमेंट' सावकाश खेळावेत, आणि मग ज्या गावातली सात-बाराची भांडणं, भावकी आणि जुनी वैरं त्यांना तोंडपाठ आहेत, त्या गावाचा खेळ लिहायला घ्यावा.